जाळी नव्हतीच

डचांनी त्या डिसेंबरात सहा माणसांना पकडून आमच्या टेकडीवर आणलं, तेव्हा मी तिथल्या बंगल्यात स्वयंपाकाला होते आणि माझा नवरा जुमात तिथली सुतारकी बघत होता. सुमात्राजवळच्या आमच्या बांका बेटावर कथलाच्या खाणी आहेत. खाणीवरच्या साहेबलोकांना गार हवेत राहता यावं म्हणून तो बंगला बांधलेला. वर्षातून दोनदा कोणी आलं तर आलं, एरवी आम्ही दोघं, माकडं आणि धुकं.

सहा जण लॉरीतून उतरले तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे चुरगळलेले, दाढ्या वाढलेल्या. एकाच्या पायात तर घरातल्या सपाता होत्या. मला वाटलं, चोर-दरोडेखोर असतील. मी जुमातला तसं म्हटलं, तर तो हळूच म्हणाला, "अगं, हे आपलं सरकार आहे."

खरंच होतं ते. तीन वर्षांपूर्वी आपण स्वतंत्र झालो असं जाहीर केलेली ही माणसं. डचांनी आपल्या राजधानीवर, जोगजावर विमानं पाठवली, शहर घेतलं आणि यांना एका सकाळीत उचललं. त्यात विरातमो होते, मोठे वकील, सगळ्यांत वडीलधारे म्हणून सगळे त्यांना पाक म्हणत, म्हणजे बाबा. सपाता घातलेले ते डॉक्टर नजमुद्दीन, सुमात्राकडचे, बोलके. बाकीचे चौघे पहिले काही दिवस फारसे बोललेच नाहीत.

दुसऱ्याच दिवशी लेफ्टनंट फर्हूफने जुमातला बोलावून घेतलं. पहाऱ्याच्या शिपायांचा हा प्रमुख. वयाने आमच्या लेकीपेक्षा फार मोठा नसेल. गोरा, नाकावर उन्हाने सालं निघालेली. त्याने सहा जणांना एकच लांब खोली दिली होती आणि खोलीपुढचा व्हरांडा खालपासून वरपर्यंत तारेच्या जाळीने बंद करायला सांगितला. जुमातने तीन दिवस खपून जाळी ठोकली. काम चोख. कुठे फट म्हणून राहिली नाही. संध्याकाळी हात धुताना मला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा काम चांगलं झाल्याचं वाईट वाटतंय."

मग ते सहा जण त्या जाळीमागे फेऱ्या घालायला लागले. अठरा पावलं इकडे, अठरा पावलं तिकडे. मी रोज जेवण घेऊन जायचे तेव्हा शिपाई कुलूप काढायचा, मी आत गेले की पुन्हा लावायचा. थाळ्या ठेवून होईपर्यंत मीही आतच. 

आणि आम्ही तरी कुठे मोकळे होतो? टेकडीवरची बातमी गावात जायला नको म्हणून आम्हा दोघांना खाली उतरायची बंदी झाली. तांदूळ, मासळी, तेल लॉरीने वर यायचं. आमची एकुलती एक लेक रोहाया खाली मुंतोकला होती. पोटुशी, पहिलटकरीण, जानेवारीच्या शेवटी दिवस भरणार. स्वयंपाकघरामागच्या कड्यावरून मुंतोकची छपरं आणि समुद्र दिसायचा. मी तिथे उभी राहून रोहायाचं छप्पर कोणतं ते ओळखायचा प्रयत्न करायचे. इतक्या उंचीवरून सगळी छपरं सारखीच.

डॉक्टर नजमुद्दीन मला मक म्हणायचे, म्हणजे आईच. माझं पिवळं कालवण, अननस घालून केलेलं, त्यांना फार आवडायचं. जेवता जेवता ते बातम्या सांगायचे. मासळी गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे कागद मी फेकत नव्हते. वाळवून, घडी घालून, भाताच्या टोपाखाली ठेवून आत न्यायचे. शिपायांना ते ठाऊक असावं, पण माशाचा वास येणारा कागद कोण उलगडून बघतो? त्या कागदांवरून डॉक्टरांना कळायचं की बाहेर काय चाललंय. ऑस्ट्रेलियाच्या गोदीतल्या मजुरांनी डच जहाजांना हात लावायचं नाकारलंय. हिंदुस्थानाने आपल्या आभाळातून डच विमानांना जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, आणि दिल्लीला कितीतरी देशांची माणसं जमून आमच्याबद्दल बोलणार आहेत.

मी विचारलं, "इतके लोक तुमच्यासाठी बोलतायत, मग तुम्हाला सोडत का नाहीत?"

डॉक्टर हसले. म्हणाले, देश एकमेकांशी बोलतात ते पंचायतीतल्या म्हाताऱ्यांसारखं असतं. आधी पान खायचं, मग खोकायचं, मग बोलायचं. पाक विरातमो मात्र हसले नाहीत. जाळीला बोटं अडकवून बाहेर बघत होते. त्यांना दम्याचा त्रास होता, आणि धुकं आलं की ते त्या जाळीला चिकटून उभे राहायचे, जणू तिथे हवा जास्त आहे.

जानेवारीच्या मध्याला एका कागदावर अशी बातमी आली की डॉक्टरांनी ती तीनदा वाचली. मोठ्या राष्ट्रांच्या परिषदेत डच वकिलाने सांगितलं होतं की पकडलेले पुढारी बेटावर मोकळे आहेत. हवं तिथे फिरतात, समुद्रावर पोहायला जातात. डॉक्टर म्हणाले, "मला तर पोहताही येत नाही." त्यावर आतल्या सहाही जणांना असं हसू फुटलं की शिपाई धावत आला.

पण त्या बातमीमुळेच पुढचं सगळं घडलं. काही देशांना ते खरं वाटलं नाही. बघून यायला तीन देशांची तीन माणसं पाठवायचं ठरलं.

आम्हाला ते कळलं ते फर्हूफच्या हुकमाने. त्याने जुमातला सांगितलं, आजच्या आज जाळी काढ. जुमातने खिळा न खिळा काढला. वाया जाऊ नये, वाकू नये म्हणून जाळीची नीट गुंडाळी केली. फर्हूफने ती गुंडाळी स्वयंपाकघराच्या कोठारात, तांदळाच्या पोत्यांमागे ठेवायला लावली. जुमातने विचारलं, घेऊन जाऊ का खाली? तर म्हणाला, नको, परत लागेल.

मग तो माझ्याकडे आला. मी मसाला वाटत होते. तो दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. ओरडला नाही, धमकावलं नाही. मलाय भाषा मोडकीतोडकी बोलायचा.

"तुझ्या मुलीचे दिवस भरत आले ना?"

मी मान हलवली.

"दवाखान्यातले डॉक्टर आमचे आहेत. चांगले आहेत. मी चिठ्ठी देईन. उद्या पाहुणे येणार, काही विचारतील. सगळं नीट झालं की परवा लॉरीतून तुला खाली पाठवतो. बाळंतपण करून ये." थोडं थांबून म्हणाला, "जावई खाणीवर आहे ना? कामाचा माणूस आहे म्हणतात."

एवढंच बोलला. आजही विचार केला तर त्यात एकही शब्द वाईट नाही. पण तो गेल्यावर माझा हात पाट्यावर थांबला तो थांबलाच. आपल्या घरात कोण आहे, कोणाच्या पोटात काय आहे, हे सगळं याला ठाऊक. लेकीची वाट याच्या हातातून जाते.

संध्याकाळी मी जुमातला विनवलं. म्हटलं, विचारलं तर सांग, मी सुतार माणूस, मला काही ठाऊक नाही. तुम्हा पुरुषांचं काय, तोंडातून शब्द निघाला की मोकळे. तिकडे पोरीचं काय होईल?

जुमात करवतीला तेल लावत होता. तो मुळात खोटं बोलू शकत नसे. हा त्याचा गुण होता की खोड, मला कधी कळलं नाही. गिऱ्हाईक पलंग घ्यायला आलं तर हाच सांगायचा, लाकूड ओलं आहे, सहा महिन्यांत वाकेल. त्यामुळेच तर मुंतोकमधलं दुकान बसलं आणि आम्ही या टेकडीवर आलो.

"बघू," म्हणाला.

"बघू नाही. कबूल कर."

त्याने करवत खुंटीला अडकवली. मला वाटलं, ऐकेल.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दोन गाड्या वर आल्या. तीन पाहुणे होते. एक उंच आणि गप्प, एक चष्मेवाला, एक जाड्या, सारखा मान पुसणारा. बरोबर बटाव्हियाहून, डचांच्या राजधानीतून आलेला एक साहेब, पांढऱ्या कपड्यांतला, गोड बोलणारा. आणि दुभाष्याचं काम करायला मुंतोकच्या कचेरीतला कारकून लिआव. लिआवला आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. त्या दिवशी त्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

पाहुणे सहा जणांशी इंग्रजीतच बोलले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा पाक विरातमो व्हरांड्याच्या कठड्याकडे हात दाखवून काही सांगत होते, शांतपणे, एकेक शब्द तोलून. मला भाषा कळत नव्हती, पण हात वरपासून खालपर्यंत फिरला तो कळला. बटाव्हियाचा साहेब हसून मधेच बोलला. लिआवने पुढे कधीतरी आम्हाला सांगितलं की साहेबांचं म्हणणं असं पडलं: हे राजकारणातले लोक आहेत, बोलणारच. इथल्या साध्या नोकरांना विचारा, त्यांना काय पडलंय?

साहेबानेच आधी जुमातला पुढे बोलावलं. बिनधास्त बोलावलं, कारण फर्हूफने त्याला सांगितलेलं असणार की सगळं पक्कं झालंय.

चष्मेवाल्याने विचारलं, लिआवने भाषांतर केलं, "तुम्ही इथे काय काम करता?"

"सुतारकाम."

"गेल्या महिन्यात काय काम केलंत?"

जुमातने कठड्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते, डोळे वटारून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"इथे जाळी ठोकली," तो म्हणाला. "काल काढली. तुम्ही गेलात की परत ठोकायची आहे. म्हणून गुंडाळून ठेवली आहे."

लिआवने ते इंग्रजीत सांगितलंच नाही.  उंच पाहुणा त्याच्याकडे नुसता बघत राहिला. शेवटी डॉक्टर नजमुद्दीननीच ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा लिआवने मान खाली घालून बरोबर आहे अशी खूण केली. आता भाषांतर न करून काय उपयोग होता?

बटाव्हियाच्या साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त पातळ झालं. त्याने काही सांगितलं, सुतार म्हातारा आहे, गोंधळला असेल, असं काहीतरी. चष्मेवाल्याने विचारलं, गुंडाळी कुठे आहे? जुमातने कोठाराकडे बोट केलं. आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण कोठार स्वयंपाकघराचं आणि स्वयंपाकघर माझं.

किल्ली माझ्या कमरेला होती, सारोंगच्या आत खोचलेली. लोखंड पोटाला लागत होतं. तिथून दहा पावलांवर कोठाराचं दार. मी किल्ली काढून दिली असती तर पुढे कोणाला काही बोलायची गरजच नव्हती. ती जाळी आपणच बोलली असती.

फर्हूफ भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर कदाचित मी दिली असती. त्याने तसं बघितलं नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता, आणि मला फक्त रोहायाचं छप्पर दिसत होतं, जे मला कधी ओळखताच आलं नव्हतं.

"किल्ली हवालदाराकडे असते," मी म्हटलं. "तो खाली गेलाय."

लिआवने विचारलं, "आणि जाळी?"

"जाळी कसली? जाळी नव्हतीच."

लिआवने ते भरभर इंग्रजीत सांगितलं. या वेळी त्याला अडखळायला झालं नाही. चष्मेवाल्याने वहीत लिहून घेतलं. माझं नाव त्याने विचारलं नाही. पाक विरातमोंनी डोळे मिटले. जुमात तसाच उभा होता, हात लोंबकळत, भर बाजारात कोणी मुस्काटात मारलेल्या माणसासारखा. मी त्याला खोटं पाडलं होतं, जो माणूस ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकू शकला नाही त्याला.

जाताना उंच पाहुणा व्हरांड्याच्या खांबाजवळ थांबला आणि त्याने खांबावरून बोट फिरवलं, वरून खाली. खिळ्यांची भोकं ताजीच होती. ढग उतरायच्या आत विमान सुटायला हवं म्हणून गाड्या निघाल्या. दुपारी तीनला फर्हूफने कोठार उघडायला लावलं. मी किल्ली काढून दिली. जुमातने जाळी परत ठोकली, त्याच भोकांत. मी चुलीपाशी बसून ठोकण्याचा आवाज ऐकत होते. त्याने एकही खिळा वाकडा मारला नाही.

फर्हूफने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी लॉरीतून मला खाली सोडलं, दवाखान्याला चिठ्ठीही दिली. रोहायाला मुलगी झाली. आईला काही नाही, बाळाला काही नाही. मी नातीला अंघोळ घातली, धुरी दिली, तिच्या कानात अजान म्हणायला जावयाला बसवलं. सगळं व्हायला हवं तसं झालं. रोहाया विचारत होती, बाबा का नाही आले? मी म्हटलं, काम आहे. जुमातला सोडलं नव्हतं. त्याच्या खरं बोलण्याची शिक्षा एवढीच झाली, नातीचं तोंड त्याला सहा महिने दिसलं नाही.

दहाव्या दिवशी मी परत वर गेले. डॉक्टरांनी बाळाचं वजन किती, रडते का, सगळं विचारलं. पाक विरातमोंनी नाव विचारलं. कोणी मला टाकून बोललं नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं. जुमातही बोलायचा. मीठ कमी आहे, पाऊस येईल, विळीला धार करून ठेवली आहे. त्या दिवसाबद्दल तेवढं नाही.

फेब्रुवारीत मासळीच्या कागदातून तीन पाहुण्यांच्या चौकशीचं काय झालं ते कळलं. डॉक्टर मोठ्याने वाचत होते. पाहुण्यांनी लिहिलं होतं की हे लोक मोकळे नाहीत, एका खोलीत आणि जाळीच्या व्हरांड्यात कोंडलेले आहेत, खांबांवर खुणा आहेत, सुताराने तसं सांगितलं. मोठ्या राष्ट्रांच्या परिषदेत त्यावर गदारोळ झाला. मग डच वकील उठला आणि...

डॉक्टर थांबले. पुढचं न वाचता त्यांनी कागद उलटला.

"वाचा," मी म्हटलं.

"पुढे माशाचा डाग आहे, मक. दिसत नाही."

"डॉक्टर, वाचा."

त्यांनी पाक विरातमोंकडे बघितलं, मग वाचलं. डच वकिलाने परिषदेत सांगितलं होतं की त्या बंगल्यातल्या स्वयंपाकिणीने, जिचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, पाहुण्यांसमोर स्पष्ट सांगितलं: जाळी नव्हतीच.

मी त्या जाळीच्या आत उभी होते, हातात रिकाम्या थाळ्या. शिपायाने कुलूप लावलेलं होतं. कुठल्या देशात ती परिषद भरते मला ठाऊक नाही, समुद्रापलीकडे किती समुद्र आहेत तेही नाही. तिथे माझे दोन शब्द पोचले होते, आणि आता तिथून कोणी ते परत आणून देणार नव्हतं.

मी पाक विरातमोंना म्हटलं, मला खरं सांगायचं आहे. तुम्ही लिहा, मी अंगठा देते. त्यांनी आधी दम घेतला. मग म्हणाले, आता कोणी विचारायला येणार नाही, बाई. ती चौकशी संपली.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला मूलबाळ नाही." खोटा धीर त्यांनी दिला नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून मानते.

जुमातचा शब्द मात्र वाया गेला नाही. बाहेरून इतका दाब आला की महिनाअखेरीस जाळी खरोखरच काढली आणि सहा जणांना शिपायांबरोबर वळणापर्यंत फिरायला परवानगी मिळाली. पाक विरातमो पहिल्या दिवशी वळणावर जाऊन झाडाखाली नुसते बसून राहिले. जुलैत त्यांना सोडलं. अख्खं मुंतोक रस्त्यावर आलं होतं. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत जुमातला मिठी मारली. माझ्या हातचं कालवण जोगजाला मिळणार नाही म्हणून हळहळले. जुमातने त्याच दिवशी नातीला पहिल्यांदा घेतलं, आणि ती त्याची दाढी धरून रडली.

पुढे देश स्वतंत्र झाल्यावर तीन-चार वर्षांनी जकार्ताहून एक वर्तमानपत्रवाला मुंतोकला आला. सुताराच्या साक्षीबद्दल त्याला लिहायचं होतं. मी कॉफी करत होते. तो बसला होता त्या चटईपासून चूल दोन हातांवर. जुमातने त्याला सगळं सांगितलं, जाळी, खिळे, गुंडाळी, चष्मेवाला. मग त्या माणसाने वही पलटली.

"आणि ती स्वयंपाकीण? जिचं नाव कुठेच सापडत नाही. कोण होती ती?"

"कोणीतरी बाहेरची होती," जुमात म्हणाला. "दोन-तीन महिनेच होती. गेली परत. नाव आठवत नाही."

आयुष्यभरात मी त्याला खोटं बोलताना ऐकलं ते एवढंच. किती सहज बोलला! मी तोंड उघडलं होतं. मीच ती, हे शब्द जिभेवर आले होते, इतकी वर्षं कोणी विचारावं म्हणून थांबलेले. पण आता मी खरं बोलले असते तर त्या परक्या माणसासमोर जुमात दुसऱ्यांदा खोटा पडला असता, आणि याही वेळी माझ्यामुळेच.

मी कप भरले. वर्तमानपत्रवाल्याने साखर मागितली, ती दिली. जुमातने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त आपला कप घ्यायला हात पुढे केला.